मेळघाटचें राखीव रान व आमच्या बालाघाटचे उघडे डोंगर

शेतकीच्या मासिकांत रानाचा इतिहास कशाला, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. रोही व रानडुक्कर हे शेतकऱ्याचे उघड वैरी. त्यांना आसरा देणाऱ्या जंगलाचें कौतुक आम्हीं कां करावें, असेंही कोणी म्हणेल. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. ज्याच्या हरभऱ्याचें शेत एका रात्रींत उकरलें गेलें त्याला वनसंरक्षणाचें व्याख्यान रुचत नाहीं, व रुचावें अशी अपेक्षाही आम्ही करीत नाहीं.

परंतु दुसरीही एक गोष्ट आपल्या सर्वांच्या स्मरणांत आहे. इ. स. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. धनेगांवचें मांजरा धरण कोरडें पडलें होतें. पाऊस कमी झाला हें त्याचें पहिलें कारण, यांत शंका नाहीं. तथापि जो पाऊस पडतो त्यापैकीं डोंगरांत किती मुरतो आणि किती माती घेऊन धांवत सुटतो, ही गोष्ट आभाळाच्या हातची नसून पुष्कळ अंशीं आपल्या हातची आहे. सबब डोंगरावरचें रान राखणें म्हणजे काय, तें राखतांना कोणास काय सोसावें लागलें, व त्यापासून आपण काय शिकावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. त्यासाठीं आपल्या शेजारच्या वऱ्हाडांतील मेळघाटचा इतिहास आम्ही उदाहरणादाखल घेतों. कारण महाराष्ट्रांत डोंगरी रान राखण्याचा इतका दीर्घ अनुभव दुसरीकडे क्वचितच मिळेल.

१. डोंगर व त्याचें पाणी

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याची जी शाखा पसरली आहे तीस गाविलगडचे डोंगर म्हणतात. अनेक घाट जेथें एकत्र मिळतात तो मेळघाट. वैराटचें शिखर येथील सर्वांत उंच. त्याची उंची ११७० मीटरांहून अधिक आहे. खडक आपल्याकडचाच, म्हणजे काळा कातळ व त्यावर मुरूम. रान मुख्यत्वें सागाचें. त्यांत ऐन, धावडा, तिवस, मोह, टेंभुर्णी, सालई व बांबू हीं झाडें मिसळलेलीं. खंडू, खापरा, सिपना, गडगा व डोलार या पांच नद्या या डोंगरांत उगम पावून तापीस मिळतात. दक्षिणेच्या अंगास वाण, शहानूर वगैरे नद्या उतरतात व पूर्णेच्या खोऱ्यांत जातात.

या दक्षिणेकडील पाण्याची गोष्ट शेतकऱ्यानें विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. पूर्णेच्या खोऱ्यांत मोठा खारपाणपट्टा आहे. तेथें विहीर खणली तर पाणी लागतें, पण तें खारें. पिण्यास नको व पिकासही नको. अशा गांवांना गोड पाणी कोठून येतें? वाण नदीवर डोंगराच्या पायथ्याशीं जें धरण बांधलें आहे तेथून अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील कित्येक गांवांस नळानें पाणी पुरविलें जातें. त्या धरणाच्या वरच्या अंगास राखीव रान आहे. ज्या शेतकऱ्यानें जन्मांत कधीं वाघ पाहिला नाहीं, तोही त्या रानाचें पाणी रोज पितो.

रान पाणी कसें धरतें हें थोडक्यांत सांगतों. पहिला जोरदार पाऊस उघड्या जमिनीवर पडला म्हणजे थेंबाच्या माऱ्यानें माती फुटते, तिचीं छिद्रें बुजतात आणि पाणी आंत न शिरतां वरून वाहूं लागतें. जेथें झाडाचें छत्र, खालीं गवत व त्याखालीं पाल्याचा थर आहे तेथें थेंबाचा मारा जमिनीस लागत नाहीं. पाणी अडखळत चालतें व मुळ्यांच्या वाटेनें मुरमांत उतरतें. झाडें स्वतः पाणी पितात हेंही खरें. म्हणून दाट लागवड केली कीं पाणी वाढलेंच, असें कोणी समजूं नये. परंतु उघडा, चरून खरडलेला उतार आणि गवत-झाडांनीं झांकलेला उतार यांत मुरण्याचा व माती टिकण्याचा फरक फार मोठा आहे. पायथ्याच्या विहिरीचा झरा मार्गशीर्षांत आटतो कीं चैत्रापर्यंत टिकतो, हें पुष्कळदां याच फरकावर ठरतें.

२. राजवटी बदलल्या, रान घटलें

गाविलगडचा किल्ला बहामनी काळापासून प्रसिद्ध आहे. इ. स. १८०३ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. पुढें इ. स. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं दिलें, आणि पैनगंगा ही दोन राज्यकारभारांची सीमा झाली. नदीच्या उत्तरेस इंग्रजांचा जंगल कायदा, दक्षिणेस निजामाचा. आपल्या नांदेड जिल्ह्याचा उत्तरभाग या सीमेला लागून होता, हें येथें ध्यानांत ठेवावें.

त्या सुमारास आगगाडीचा रस्ता देशांत पसरूं लागला. इ. स. १८६७ मध्यें तो नागपुरास पोहोंचला. रुळांखालीं घालण्यास लांकूड हवें, इमारतीस साग हवा. तेव्हां सरकारास जंगलाची किंमत कळली. इ. स. १८६४ मध्यें हिंदुस्थानच्या जंगलांवर पहिला मुख्य अधिकारी नेमला गेला, १८६५ व १८७८ सालीं जंगलाचे कायदे झाले, आणि मेळघाटांतील रानेंही एकामागून एक राखीव ठरलीं.

या राखण्याचा हेतु मात्र नीट ओळखला पाहिजे. तें राखणें प्राण्यांसाठीं नव्हतें व पाण्यासाठींही नव्हतें. तें लांकडासाठीं होतें. रानांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कोरकू लोकांची फिरती शेती बंद करण्यांत आली. पुढें तोडीच्या व रस्त्यांच्या कामास मजूर मिळावे म्हणून खुद्द जंगल खात्यानेंच रानांत गांवें वसविलीं. जीं गांवें सरकारनें आपल्या सोयीसाठीं वसविलीं, त्यांतील कित्येकांस शंभर वर्षांनीं सरकारनेंच बाहेर जाण्यास सांगितलें. मेळघाटच्या पुढील तंट्याचें मूळ येथें आहे.

३. शिकारीकडून संरक्षणाकडे

वाघ मारणाऱ्यास पूर्वीं सरकारांतून बक्षीस मिळत असे. स्वातंत्र्यानंतरही परवान्यानें शिकार चालू होती. बंदुका वाढल्या, मोटारी रानांत शिरल्या, आणि प्राणी झपाट्यानें कमी झाले. इ. स. १९७० मध्यें वाघाच्या शिकारीस देशभर बंदी झाली. १९७२ सालीं गणती झाली तेव्हां सगळ्या देशांत १८२७ वाघ भरले. त्याच वर्षीं वन्य जीव संरक्षणाचा कायदा झाला. अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान या शब्दांस देशभर सारखा कायदेशीर अर्थ त्यानें दिला.

१ एप्रिल १९७३ रोजीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. आरंभीं देशांतील नऊ रानें निवडण्यांत आलीं; महाराष्ट्रांतून निवडलें गेलें तें एकटें मेळघाट. १९८५ सालीं तेथें अभयारण्य जाहीर झालें व १९८७ सालीं त्यांतील सुमारें ३६१ चौरस किलोमीटरांचें गुगामल राष्ट्रीय उद्यान झालें. १९९७ सालीं नरनाळा, वान व अंबाबरवा हीं लगतचीं अभयारण्यें झालीं. २००७ सालीं सुमारें १५०० चौरस किलोमीटर क्षेत्र वाघाचें गाभाक्षेत्र म्हणून ठरविण्यांत आलें.

फळ काय मिळालें, असें विचारणाऱ्यास आंकडे सांगतां येतात. २००६ च्या गणनेंत देशांत वाघांचा अंदाज १४११ वर आला होता. तोच २०२२ मध्यें ३००० च्या पुढें गेला. महाराष्ट्राचा आंकडा २०१४ मध्यें १९० होता. तो २०१८ मध्यें ३१२ व २०२२ मध्यें ४४४ झाला. अर्थात् हें एकट्या मेळघाटचें श्रेय नव्हे. चंद्रपूरकडील रानांचा वांटा मोठा आहे. परंतु राखलें तर वाढतें, हें यावरून सिद्ध होतें.

केवळ वाघच वांचला असेंही नाहीं. रानपिंगळा नांवाचा घुबडाच्या जातीचा एक लहान पक्षी शास्त्रज्ञांनीं इ. स. १८७३ मध्यें नोंदला. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक पुरावा कोणास मिळेना. तो नाहींसा झाला असें जगानें धरिलें. ११३ वर्षांनीं, १९९७ च्या नोव्हेंबरांत, खानदेशांत शहाद्याजवळ सातपुड्याच्या रानांत तो पुन्हां दिसला. आणि पुढें शोध करतां मेळघाटांतही सांपडला. उंदीर, सरडे व टोळ हें त्याचें अन्न. शेतकऱ्याचे असे मित्र आपल्या नकळत नाहींसे होत असतात व नकळत टिकतही असतात.

४. किंमत कोणीं दिली

हा इतिहास येथेंच संपविला तर तो अर्धवट होईल. रान राखण्याचा लाभ पायथ्याच्या गांवांस, शहरांस व सर्व देशास झाला; किंमत मात्र मुख्यत्वें रानांत राहणाऱ्यांनीं दिली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून गाभ्यांतील गांवें बाहेर हलविण्याचें काम सुरू झालें. बोरी, कोहा व कुंड हीं त्यांतील पहिलीं गांवें. पुढें २००८ पासून गांव सोडणाऱ्या कुटुंबास १० लक्ष रुपये देण्याची योजना झाली. २०२१ मध्यें ती रक्कम १५ लक्ष करण्यांत आली. २००६ च्या वनहक्क कायद्यानें असेंही ठरविलें कीं, लोकांचे हक्क आधीं मान्य करावे व त्यांची समजून-उमजून संमति घ्यावी, मगच स्थलांतर करावें.

कांहीं गांवें संतोषानें गेलीं. शाळा, दवाखाना व रस्ता जवळ आला असें त्यांस वाटलें. कांहींचा अनुभव उलट झाला. अकोट तालुक्यांत वसविलेल्या कित्येक कुटुंबांनीं कबूल केलेली जमीन व सोयी मिळाल्या नाहींत अशी तक्रार केली व तीं पुन्हां रानांत परतलीं. जानेवारी २०१९ मध्यें तेथें सरकारी माणसें व आदिवासी यांच्यांत चकमक होऊन दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले. आम्ही कोणा एकाची बाजू घेत नाहीं. इतकेंच सांगतों कीं, जमीनवाल्या शेतकऱ्यास हा प्रश्न समजण्यास जड जाऊं नये. धरणांत जमीन गेलेल्याचें दुःख मराठवाड्यास ठाऊक आहे. पैसा घरांत येतो, तो लग्नांत व कर्जांत जातो. जमीन गेली ती परत येत नाहीं.

आपल्या शेजारींही असाच कटु धडा आहे. निजामाच्या राज्यांत आदिलाबादच्या डोंगरांतून गोंड लोकांस राखीव जंगलाच्या नांवाखालीं हटविण्यांत येऊं लागलें, त्यांतून कुमरम भीम यांचा उठाव झाला व १९४० सालीं जोडेघाट येथें ते मारले गेले. किनवट तालुका त्या काळीं आदिलाबाद जिल्ह्यांतच होता. १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हां तो नांदेडाकडे आला. म्हणजे हा इतिहास परमुलखाचा नव्हे, आपल्याच जिल्ह्याचा आहे. लोकांस वगळून राखलेलें रान पोलिसांच्या बळावर किती दिवस राखतां येईल?

५. आमचा मुलूख

आतां आपल्या डोंगरांकडे वळूं. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेस किनवट व माहूरचे डोंगर आहेत. तेथें अद्यापि साग, मोह व टेंभुर्णीचें रान उभें आहे. पैनगंगेच्या कांठीं यवतमाळ व नांदेड या दोन जिल्ह्यांस लागून पैनगंगा अभयारण्य आहे. अस्वल, बिबट्या, चितळ, रोही व मोर हे त्याचे रहिवासी. त्याच्या पूर्वेस यवतमाळ जिल्ह्यांत टिपेश्वर अभयारण्य, क्षेत्र सुमारें १४८ चौरस किलोमीटर. आणि नदीपलीकडे तेलंगणांत कवाल, जेथें १९६५ सालीं अभयारण्य व २०१२ सालीं व्याघ्रप्रकल्प झाला.

दक्षिणेस मात्र चित्र पालटतें. कंधार-मुखेडकडून लातूर, धाराशिव व बीडकडे जाणारा बालाघाट हा आपल्या मांजरेचा माथा. गोदावरी व भीमा यांच्या खोऱ्यांस विभागणारा हाच डोंगर. मांजरा यांतच उगम पावते. परंतु लातूर जिल्ह्यांत जंगल नांवापुरतें उरलें आहे. कित्येक टेकड्यांवर आतां कुसळीही धड उगवत नाहीं. नुसता मुरूम व दगड. धाराशिव जिल्ह्यांत येडशीजवळ रामलिंगाच्या घाटांत सुमारें २२ चौरस किलोमीटरांचें लहानसें अभयारण्य १९९७ सालीं झालें. तेवढाच काय तो हिरवा ठिपका.

६. वाघाची वाट आपल्या शेतांतून

इतक्या दूर दूर विखुरलेल्या या रानांचा एकमेकांशीं कांहीं संबंध आहे काय? आहे, आणि तो संबंध आपल्या शेतांवरून जातो. टिपेश्वरांत जन्मलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यांत फेब्रुवारी २०१९ मध्यें ठावठिकाणा सांगणारा पट्टा बांधण्यांत आला. जूनमध्यें तो निघाला, आणि आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशीम अशा जिल्ह्यांतून फिरत १३०० किलोमीटरांहून अधिक चाल करून डिसेंबरांत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत पोहोंचला. लहान रानांत मोठ्या नरांनीं जागा धरलेली असते; तरुण वाघास स्वतःचें क्षेत्र व जोडीदारीण शोधण्यास बाहेर पडावेंच लागतें. मार्च २०२१ मध्यें तिकडचाच एक वाघ कन्नडजवळील गौताळ्याच्या रानांत छायाचित्रांत आढळला. डिसेंबर २०२४ मध्यें आणखी एक टिपेश्वरचा वाघ थेट येडशीच्या घाटांत दिसला. तेथवर येण्यास मराठवाड्यांतील शेतेंच तुडवावीं लागतात.

यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, पहिल्या वाघाच्या त्या सहा महिन्यांच्या प्रवासांत शेंकडों गांवांच्या शिवारांतून तो गेला, तरी बहुतेकांस त्याची चाहूलही लागली नाहीं. तो रात्रीं चाले, दिवसां ओढ्याच्या झाडींत किंवा उभ्या पिकांत पडून राही. माणसास इजा झाली ती तो झाडींत विसांवला असतां लोक जमाव करून जवळ गेले त्या प्रसंगीं. जनावरें मात्र त्यानें मारलीं, व त्यांचें नुकसान खरें आहे. यावरून दोन गोष्टी ठरतात. ओढ्याकांठची झाडी ही वन्य प्राण्याची वाट आहे. आणि वाघ दिसला असतां गर्दी करणें हाच मोठा धोका आहे.

रोही व रानडुक्कर यांचाही येथें विचार केला पाहिजे. ते कां वाढले? रान गेलें म्हणून ते नाहींसे झाले नाहींत. त्यांस खाणारा वाघ, लांडगा व रानकुत्रा नाहींसा झाला, आणि उसाच्या फडांत त्यांना बारमाही आसरा मिळाला. डोंगरावर चारा उरला नाहीं म्हणून ते शिवारांत उतरले. म्हणजे ज्यास आपण रानाचा उपद्रव म्हणतों तो बराचसा रान मोडल्याचा उपद्रव आहे. केवळ अभयारण्य केल्यानें तो थांबेल असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. अभयारण्याच्या कडेच्या शेतकऱ्यास तो अधिकच सोसावा लागतो, आणि म्हणूनच त्याची भरपाई ही दया नसून त्याचा हक्क आहे.

७. शेतकऱ्यानें काय करावें

(१) पीक किंवा जनावर यांचें नुकसान झाल्यास त्याच दिवशीं वनरक्षक, तलाठी व कृषिसहायक यांस लेखी कळवावें. पंचनामा होईतों मेलेलें जनावर जागचें हलवूं नये. विलंब झाल्यानें पुष्कळ रास्त मागण्या फेटाळल्या जातात.

(२) मारलेल्या जनावरावर विष टाकूं नये. त्यानें वाघ मरो वा न मरो, गिधाड, कोल्हा व आपलेंच कुत्रें मात्र मरतें, आणि शेतकरी तुरुंगांत जातो.

(३) तारेच्या कुंपणांत घरची वीज सोडूं नये. तो गुन्हा तर आहेच. शिवाय त्या तारेस रात्रीं पाण्याच्या पाळीस जाणारा माणूस चिकटून मेल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. धक्का बसेल पण जीव जाणार नाहीं असें सौर झटका मशीन चार शेजाऱ्यांनीं मिळून घ्यावें.

(४) ज्वारी-हरभऱ्याच्या कडेनें करडईचे कांटेरी तास घालण्याची जुनी रीत सोडूं नये. राखण पाळीपाळीनें, सामाईक करावी. उपद्रव असह्य झाल्यास पिकांचें नुकसान करणाऱ्या जनावराविषयीं कायद्याप्रमाणें अधिकृत अधिकाऱ्याची परवानगी मागतां येते. ती सर्व गांवानें मिळून मागावी.

(५) गांवच्या टेकडीचा एक भाग निवडून तेथें तीन पावसाळे चराईबंदी व कुऱ्हाडबंदी करावी. उतारास आडवे समतल चर खणावे. गवत कापून न्यावें, जनावर आंत सोडूं नये. आधीं मारवेल, पवना हीं गवतें येतील; मग पळस, सीताफळ, हिवर, धावडा हीं झाडें आपोआप डोकें वर काढतील. रोपें विकत आणण्यापूर्वीं जुन्या खोडांस फुटण्याची संधि द्यावी.

(६) ज्याची गुरें त्या टेकडीवरच चरतात अशा भूमिहीनाची सोय आधीं पाहावी. कापलेल्या गवताचा पहिला वांटा त्याला द्यावा. मेळघाटांत जी चूक मोठ्या प्रमाणावर झाली ती आपण गांवांत लहान प्रमाणावर करूं नये.

समारोप

मेळघाट राखलें गेलें तें आरंभीं लांकडासाठीं, पुढें वाघासाठीं. आणि पाणी हें न मागतां मिळालेलें फळ होय. आपल्या बालाघाटावर वाघासाठीं मोठें अभयारण्य होईल अशी आशा धरण्याइतकें रान तेथें उरलेलें नाहीं. परंतु पाण्यासाठीं आपण टेकड्या राखल्या, ओढ्यांची झाडी राहूं दिली, तर वाटेनें जाणाऱ्या प्राण्यास थारा हें आपल्याकडचें न मागतां मिळणारें फळ होईल.

सभासदांनीं पुढील बैठकींत हे प्रश्न विचारांत घ्यावे : आपल्या गांवांत किती टेकड्या आहेत व त्या कोणाच्या मालकीच्या? पायथ्याच्या विहिरींचें पाणी वीस वर्षांपूर्वीं कोणत्या महिन्यापर्यंत टिके व आतां कोणत्या महिन्यापर्यंत टिकतें? गतवर्षीं वन्य प्राण्यांनीं किती पीक खाल्लें, त्यापैकीं किती नुकसानीची नोंद झाली व किती भरपाई मिळाली? या तीन प्रश्नांचीं उत्तरें वहींत लिहून ठेवलीं तरी आरंभ झाला असें आम्ही समजूं.